भिंतीपलीकडचे वीस लिटर

चि. धाकटे भावोजी यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पार्सल पोचलं, त्याला आज चौदा दिवस झाले. आत निघालं ते असं: आईंसाठी लोकरीची शाल एक, रंग राखाडी, तुमच्या दादांसाठी पायमोजे दोन जोड, पैकी एक जोड दोन्ही डाव्या पायांचा (दादा म्हणतात, पायमोज्याला डावं-उजवं नसतं, नसेल, पण ते घालून चालताना दादा डावीकडे जातात हे मी पाहिलं आहे), घरासाठी थर्मास एक, झाकणाला पोचा, अंगाच्या साबणाच्या वड्या सहा, पैकी दोन तुटलेल्या, त्या आधी वापरायला काढल्या, आणि तुमची चिठ्ठी एक. वरची तिकिटं बेचाळीसची. भावोजी, बेचाळीसमध्ये इथे तसाच थर्मास मिळतो आणि तो बिनपोच्याचा असतो. पुढल्या वेळी वस्तू धाडण्यापेक्षा स्वतः या. माणसालाही तिकीट लागतं, पण वाटेत माणसाचं झाकण चेपत नाही.

खुशाली आधी विचारायची असते हे मला ठाऊक आहे, पण वस्तूंची पोच दिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. तर आता विचारते. तुमचा खोकला कसा आहे? रात्रपाळी संपली का? खाणावळीतल्या पोळ्या अजून तशाच जाड आहेत का? इकडे आम्ही तिघंही देवाच्या कृपेने जिवंत आहोत. पत्रात लिहायची रीत म्हणून हे वाक्य लिहिलेलं नाही. सहा वर्षं आपल्या घरात देवाची कृपा सोडून दुसरं काहीही आमच्या आणि राखेच्या मध्ये नव्हतं, हे मला त्या गुरुवारी कळलं, आणि त्याला कारण तुमच्या पार्सलाची सुतळी.

सुतळी सव्वाचार हात निघाली. अशी धडधाकट सुतळी कोणी टाकत नाही. मी ती गुंडाळली आणि सुतळ्यांच्या डब्यात ठेवायला मागच्या खोलीत गेले. तिथे तुमची मोटरसायकल सहा वर्षं चादर पांघरून उभी आहे हे तुम्हाला माहीत आहेच. (चादर माझी, निळ्या चौकड्यांची. गाडी गेली की ती परत बिछान्यावर येईल असं मी सहा वर्षं म्हणते आहे.) सुतळीचा डबा गाडीच्या पलीकडल्या फळीवर. हात पोचेना म्हणून गाडीच्या मागे शिरले, तर पायाला काहीतरी लागलं. पोतं बाजूला केलं. खाली चार कॅन, पाच-पाच लिटरचे, झाकणं घट्ट, शिस्तीत एका रांगेत. मला वाटलं तेल असेल. गोडं तेल वीस लिटर, आणि मी महिनाभर पळीने मोजून फोडणी देते! अशा रागात झाकण फिरवलं आणि नाक आत घातलं. भावोजी, मी मॅट्रिक झालेली बाई आहे, शास्त्रात मला एकावन्न मार्क होते. पेट्रोल ओळखायला तेवढे पुरतात.

आता ही भिंत लक्षात घ्या. मागची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत, तीही एक विटेची. अलीकडे माझी गॅसची शेगडी, शेगडीच्या वर देवाची फळी. म्हणजे सकाळ-संध्याकाळ मी देवापुढे काडी ओढत होते, दिवसातून चार-पाच वेळा शेगडीला काडी लावत होते, आणि वीतभर अंतरावर वीस लिटर पेट्रोल माझी प्रार्थना ऐकत बसलं होतं. आई म्हणाल्या, "देवानं राखलं." मी म्हटलं, राखलं खरंच, पण देवाला एवढं एकच काम आहे का? सहा वर्षं त्याला आपल्या भिंतीपाशी पहारा करत उभं केलं, याचीच मला लाज वाटली. त्याच क्षणी मी हात जोडून सांगितलं, की बाबा, आता तू जरा बस. पेट्रोल घराबाहेर जाईपर्यंत या घरात काडी ओढली जाणार नाही. ना दिवा, ना शेगडी.

देवाची हरकत दिसली नाही. आईंची होती. त्यांचा चारचा चहा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्या दिवशी त्या रिकामा कप मांडीवर घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, सहा वर्षं पेट्रोलशेजारी चहा प्यायले तर मेले नाही. आता चहावाचून मरेन, मग कळेल." तिसऱ्या दिवशी त्यांनी तुमची नवी शाल डोक्यावरून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. (शालीचा हा पहिला उपयोग. ऊब चांगली आहे म्हणाल्या, पण भिंतीला म्हणाल्या.) शेवटी समोरच्या शिवणकामवाल्या बाईंना दया आली. त्यांनी चहा करून द्यायचं कबूल केलं, आणि तुमचा थर्मास कामाला लागला. तुम्हाला आपली गल्ली ठाऊकच आहे, इथे कोणाचं भांडं रिकामं परत जात नाही. वाटी आली साखरेची तर जाते लिंबं घेऊन. म्हणून थर्मास भरायला पाठवतानाही मी रिकामा पाठवला नाही, त्यात लिंबाचं सरबत घालून पाठवायची. सरबत जायचं, चहा यायचा. चहाला लिंबाचा वास यायचा. आई म्हणायच्या, "हा चहा नव्हे, शिक्षा आहे," आणि दोन कप प्यायच्या. आम्ही दोघं पाव, काकडी आणि दह्यावर होतो. बारा दिवसांत दादांचा पट्टा एक भोक आत गेला.

तुमच्या दादांचं वागणं मात्र मला पहिल्यापासून कळेना. वीस लिटर पेट्रोल घरात आहे म्हटल्यावर माणसाने उडी मारायला हवी. हे म्हणाले, "असं का? बघू." मी म्हटलं, हे कोणाचं? तर चष्मा पुसत म्हणाले, "गाडीपाशी आहे म्हणजे गाडीचं असणार." गाडी तुमची, म्हणजे पेट्रोल तुमचं, हे उघडच झालं. मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण पत्र आई वाचायला मागतात. संध्याकाळी मी चारही कॅन अंगणात काढायला लावले. सकाळी पाहते तर चारही पोत्याखाली जागच्या जागी. दादा म्हणाले, "उन्हात कॅन फुगतात." मी सावलीत काढले. तासाभरात परत आत. "मांजर पाडेल." आपल्या गल्लीत मांजर नाही, भावोजी.

तेव्हा मी ठरवलं की हे काम आपणच करायचं. शुक्रवारी एक बाटलीभर नमुना पिशवीत उभा धरून पेट्रोल पंपावर गेले. विचार असा होता, की ज्यांचा माल त्यांना परत द्यावा, पैसे मागायचे नाहीत, उलट त्यांचाच फायदा. पंपावरच्या माणसाने बाटली बघितली, मला बघितलं, आणि म्हणाला, "बाई, दूध नासलं तर गवळ्याला परत नेऊन देता का?" मी म्हटलं, हो, देते, आणि तो बदलूनही देतो. त्याने मागच्या गाडीला पुढे बोलावलं.

तिथून गॅरेजवाल्याकडे गेले. तोच, जो तुमच्या गाडीचे ब्रेक नीट करायचा आणि हॉर्न बिघडवून द्यायचा. त्याने चार थेंब तळहातावर घेतले, फुंकर मारली, वास घेतला आणि डोळे मिटले, जसा काही वैद्य नाडी बघतोय. मग म्हणाला, "वहिनी, हे पेट्रोल नाही. ही पेट्रोलची आठवण आहे." वर्षभरात पेट्रोलचा जीव जातो म्हणे, मग त्याचा चिकट राळेसारखा गाळ होतो. गाडीत घातलं तर गाडी बसते. मी त्याला घरी आणून चारही कॅन दाखवले. त्याने काचेच्या ग्लासात प्रत्येकातलं थोडं थोडं काढून ओळीने मांडलं. एक चहासारखं काळपट, एक त्याहून फिकं, एक मधाच्या रंगाचं आणि शेवटचं जवळजवळ स्वच्छ. (ग्लास चार तेव्हापासून मोरीत आहेत. ते आता पाणी प्यायला होणार नाहीत.) "हे सहा वर्षांचं," तो बोट दाखवत म्हणाला, "हे चार, हे दोन-अडीच, आणि हे तर वर्षाचंही नाही." मी म्हटलं, गाडीचा मालक सहा वर्षांत इकडे फिरकला नाही, मग वर्षाच्या आतलं इथे आणलं कोणी? त्याने खांदे उडवले. हे मला त्याच वेळी खटकायला हवं होतं. पण भावोजी, चहाशिवाय माझं डोकं चालत नाही, आणि लिंबाच्या चहाने ते उलट दिशेने चालतं.

जाताना गॅरेजवाल्याने चादर उचलून गाडी पाहिली. "टायर चांगले ठेवलेत हो," म्हणाला, आणि गाडी विकत घ्यायची तयारी दाखवली. त्याबद्दल पुढे लिहिते.

शनिवारी हेडमास्तर आले, कोपऱ्यावरचे, निवृत्त. ते म्हणाले, नालीत ओता, विषय संपेल. मी म्हटलं, नाली पुढे नर्सरीवाल्याच्या खड्ड्यात जाते, त्यावर त्याची झाडं वाढतात आणि त्याच खड्ड्याचं पाणी चिमण्या पितात. त्या मुक्या जिवांनी आपलं काय केलं? मग माझं मलाच सुचलं. मॅट्रिकला बाष्पीभवनावर पाच मार्कांचा प्रश्न होता, मला साडेचार मिळाले होते, तसं मी त्यांना ऐकवलं आणि ते गेले. पसरट भांडं, ऊन, वारा, की द्रव आपोआप उडून जातो. मी अंगणात जुनी परात मांडली, त्यात अर्धा लिटर ओतलं आणि लांब जाऊन बसले. उरलेल्या अर्ध्या मार्कात काय होतं ते मला तेव्हा कळलं: उडून गेलेलं कुठेतरी जातं. पंधरा मिनिटांत सगळ्या गल्लीला वास. शिवणकामवाल्या बाईंनी खिडक्या लावल्या. आणि फाटकातून काय झालं ते पाहायला हेडमास्तर परत आत आले, तोंडात पेटती सिगारेट.

भावोजी, मी त्यांना कधी मान वर करून उत्तर दिलेलं नाही. दादांना त्यांनी शिकवलंय, तुम्हालाही मारलंय. पण मी धावत गेले, त्यांच्या ओठांतून सिगारेट उपटली, पाण्याच्या बादलीत बुडवली आणि मग वाकून नमस्कार केला. त्यांना काही क्षण कळेना की आशीर्वाद द्यावा की छडी आणावी. मग त्यांनी परात पाहिली, मागे-मागे सरकत फाटकापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "साडेचार मार्क मीच दिले असतील, तर परत घेतो." परात मी वाळू टाकून झाकली. बाष्पीभवनाचा अभ्यास तिथे संपला.

सोमवारी नगरपालिकेच्या कचेरीत गेले. कचऱ्याच्या खिडकीवर सांगितलं, पातळ वस्तू कचऱ्यात येत नाही, पाण्याच्या खिडकीवर जा. पाण्याच्या खिडकीवर सांगितलं, जे पेटतं ते पाणी नव्हे, अग्निशामकवाल्यांकडे जा. अग्निशामक केंद्रातल्या माणसाने माझी बाजू अगदी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "पेटलंय का?" मी म्हटलं, अजून नाही. "मग आम्ही कसे येणार?" पण माणूस भला होता. त्याने कागदावर पत्ता लिहून दिला. गावाबाहेर रंगाचे डबे, बॅटऱ्या, औषधं असल्या वस्तू घेणारा डेपो आहे, तो फक्त मंगळवारी सकाळी नऊ ते बारा उघडतो.

मंगळवारी नमुन्याची बाटली घेऊन डेपोत हजर. रबरी हातमोजे घातलेला एक माणूस पिंपाशेजारी बसला होता. इतका शांत माणूस मी देवळाबाहेर पाहिला नव्हता. म्हणाला, "घेतो. का नाही घेणार? यासाठीच बसलोय." तीन खिडक्या हिंडून आलेल्या बाईच्या डोळ्यांत हे ऐकून पाणी आलं. मग त्याने नियम सांगितला: एका घराचं महिन्याला पाच लिटर. कॅनवर चिठ्ठी हवी, फॉर्मवर मालकाचं नाव, सही आणि माल कशासाठी आणला होता ते हवं. मी हिशेब केला. वीस लिटर म्हणजे चार महिने. चार महिने चूल बंद. आई तोवर शालीतून बाहेर येणार नाहीत. मी विचारलं, चार घरांनी पाच-पाच आणलं तर? तो म्हणाला, "चार घरांचं असेल तर चार घरांचं."

आणि इथे अडचण आली ती धर्माची. शेजाऱ्यांच्या हाती कॅन देऊन त्यांना "आमचं आहे" असं बोलायला लावायचं, म्हणजे तीन माणसांकडून खोटं बोलवून घ्यायचं. रिकाम्या पोटी मी रात्रभर विचार केला. सकाळी मार्ग सापडला. खोटं केव्हा होतं? वस्तू त्यांची नसेल तेव्हा. मग ती त्यांचीच करून टाकावी! मी तीन कॅन स्वच्छ पुसले, तुमच्या सुतळीने बांधले आणि घरोघरी जाऊन दोन्ही हातांनी दिले. शिवणकामवाल्या बाई, हेडमास्तर आणि घड्याळदुरुस्तीवाले, तिघांनाही सांगितलं, की हे आमच्याकडून तुम्हाला मनापासून भेट, आजपासून हे तुमचं, फक्त शेगडीपासून दूर अंगणात ठेवा आणि मंगळवारी डेपोत नेऊन द्या. हेडमास्तर म्हणाले, आयुष्यात त्यांना शाल-नारळ मिळाले, पेट्रोल पहिल्यांदाच. पण सगळ्यांनी घेतलं. आपली गल्ली चांगली आहे.

या मंगळवारी आम्ही चौघं रांगेत उभे राहिलो. डेपोतल्या माणसाने चार कॅन पिंपात ओतले. फॉर्मवर मालकाच्या नावापुढे मी तुमचं नाव घालणार होते, तर दादांनी माझ्या हातातून पेन घेतलं (त्यांनी त्या दिवशी गोदामातून खास अर्धी रजा काढली होती, हेही मला नवलच) आणि स्वतःचं नाव लिहिलं. 'कशासाठी आणला' ही जागा त्यांनी कोरी ठेवली. मला वाटलं, धाकट्या भावाला पाठीशी घालतात. मनात म्हटलं, हेच लाड नडले.

डेपोचा नियम, कॅन परत मिळत नाहीत. चार चांगले कॅन! मी त्या माणसाला पंधरा मिनिटं समजावलं, की धुऊन वाळवून त्यात झाडांना पाणी घालता येईल. शेवटी त्याने कॅन दिले. माझी समजूत पटली म्हणून दिले की मागे रांग वाढली म्हणून, ते देव जाणे. ज्याचा त्याचा कॅन ज्याच्या त्याच्या हातात. घरी आले, हात धुतले, देवापुढे काडी ओढली. बारा दिवसांनी दिवा लागला. आईंना बिनलिंबाचा चहा मिळाला. त्या तोंडावरची शाल काढून म्हणाल्या, "गोड कमी आहे." मला इतकं बरं वाटलं!

आणि संध्याकाळी दारावर थाप. शिवणकामवाल्या बाई, हातात कॅन. "रिकामा कसा परत करायचा हो?" त्यांच्या विजेच्या जनरेटरमधलं तीन वर्षांपूर्वीचं पेट्रोल, साडेचार लिटर. पाठोपाठ घड्याळदुरुस्तीवाले. घड्याळांची चाकं धुऊन काळं झालेलं पेट्रोल, गळ्यापर्यंत. मग हेडमास्तर, पाठीशी कॅन लपवून, सुनेच्या चोरून ठेवलेलं कंदिलाचं रॉकेल घेऊन. भावोजी, मी भेट म्हणून दिलं होतं, त्यांनी परतभेट आणली. रीतीत कोणाची चूक काढणार? वीस लिटर बाहेर घालवले आणि सूर्य मावळायच्या आत चौदा लिटर परत आले.

आईंनी कॅनांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदराने डोकं झाकायला सुरुवात केली. पण या वेळी चहा पोटात गेला होता, त्यामुळे डोकं चालत होतं. मी तिन्ही कॅन उंबऱ्याच्या आत घेतलेच नाहीत. तसेच उचलले आणि ज्याचे त्याच्या अंगणात नेऊन ठेवले, वर एकेक लिंबू. म्हटलं, तुमचं भांडं परत करते, आणि मी रिकामं परत केलं असं कोणी म्हणू शकणार नाही. पुढल्या महिन्यातल्या मंगळवारी आपण सगळे पुन्हा डेपोत जाऊ. यात माझे तीन कॅन गेले. चौथा मी साबणाने तीनदा धुऊन, वाळवून, मागच्या दाराच्या खिळ्याला टांगला आहे.

तर भावोजी, हे सगळं लिहायचं कारण. गॅरेजवाला गाडी घ्यायला तयार आहे. सहा वर्षं जी गाडी हलली नाही ती कशाला ठेवायची? गाडी गेली की पेट्रोल साठवायचा कोणाला मोह होणार नाही, जागा मोकळी होईल, माझी चादर परत येईल. तुमचं एक होकाराचं पत्र आलं की मी व्यवहार करून टाकते. दादांना विचारू नका, ते "बघू" म्हणतील. आईंचे आशीर्वाद. खोकल्यावर कोमट पाणी पीत जा.

तुमची,
वहिनी

ता. क. (शुक्रवार) पाकीट बंद करण्यापूर्वी टपालखर्च मांडावा म्हणून वही काढली. आदल्या पानांवर नजर गेली. दादांच्या खर्चात 'गुडघ्याचं तेल' असं चार वेळा आहे. दादा सांगतात, मी लिहिते. मला गॅरेजवाल्याचे ग्लास आठवले: सहा वर्षं, चार, अडीच, आणि वर्षाच्या आतलं. तेलाच्या तारखा अगदी तशाच. मग मी तारेला लावलेली तुमची पत्रं काढली. चार पत्रांत तुम्ही लिहिलंय, "या वेळी नक्की येतो, गाडी तयार ठेवा, आलो की आईला मागे बसवून तळ्यापर्यंत चक्कर मारतो." प्रत्येक पत्रानंतर आठ दिवसांच्या आत एकदा गुडघ्याचं तेल. भावोजी, दादांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

मी त्यांना काही विचारलं नाही. नुसती वही समोर उघडी ठेवली. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "तो अचानक आला आणि गाडी सुरू झाली नाही, तर बरं दिसलं असतं का?" मी म्हटलं, अहो, पण जुनं तरी टाकायचं. तर म्हणाले, "टाकलं म्हणजे तो येणार नाही असं ठरवल्यासारखं झालं असतं." दर रविवारी ते गाडी दोन पावलं पुढे आणि दोन मागे ढकलतात, टायर एका जागी बसू नयेत म्हणून. मी समजत होते की केर काढतात.

वर तुम्हाला जे बोल लावले ते सगळे मागे घेते. गाडी विकायचंही खोडलं असं समजा. (प्रत्यक्ष खोडत नाही, दोन पानं पुन्हा लिहावी लागतील.) चादर मला नको.

ता. क. दुसरं (शनिवार सकाळ) पार्सलातली तुमची चिठ्ठी या गडबडीत मी नीट वाचली नव्हती. आत्ता वाचली. "पुढल्या महिन्यात नक्की येतो, गाडी तयार ठेवा." आईंनी ती माझ्याआधी वाचलेली दिसते, कारण शाल घडी करून उशाशी ठेवली आहे, म्हणतात गाडीवर वारा लागतो. मागच्या दाराच्या खिळ्यावर कॅन नाही. दादा सकाळी "पाय मोकळे करून येतो" म्हणून गेले आहेत, पायांत तुमचे दोन्ही डावे मोजे आहेत.

ते परत आले की ताजे पाच लिटर भिंतीपलीकडे पोत्याखाली जाणार, मी काही बोलणार नाही, आणि शेगडी पुन्हा बंद होणार. म्हणजे आईंचा चहा आता पुन्हा शिवणकामवाल्या बाईंकडून, लिंबासकट, आणि तो किती दिवस चालायचा ते तुमच्या हातात आहे. तेव्हा उलट टपाली कळवा. 'नक्की' लिहू नका, ते आमच्याकडे आता पाच आहेत. तारीख लिहा.